कपाटामागचा आवाज

माझे पती दिग्दर्शक आहेत. हे वाक्य मी तीस वर्षे निरनिराळ्या लोकांना सांगत आले आहे आणि दर वेळी पुढचा प्रश्न एकच येतो, "आणि नोकरी?" नोकरी एका विमा कार्यालयात होती. तिच्याविषयी ते स्वतः कधी बोलत नाहीत, त्यामुळे मीही बोलत नाही.

हैदराबादेत मराठी नाटक करणारे लोक सहसा शहाणे असतात. गणेशोत्सवात काहीतरी हलकेफुलके बसवतात, दीड तासात उरकतात आणि सगळे जेवायला मोकळे होतात. आमच्या ह्यांनी पहिल्यापासून अभिजात धरले. संस्कृत नाटके, मराठीत आणलेली. राजे, कंचुकी, शाप, विरह. काचीगुड्याच्या ज्या सभागृहात हे प्रयोग होत, त्याच्या शेजारच्या हॉलमध्ये बहुधा लग्न असे, आणि इकडे राजा विरहात बुडालेला असताना पलीकडे वरातीचा मरफा, म्हणजे इथला ढोलताशा, वाजू लागे. हे विंगेतून राजाला खूण करत, "एकाग्रता!" एका नाटकात राजाचा रथ रंगमंचावर अकरा मिनिटे धावला. रथ नव्हता, नुसते हावभाव होते. मी घड्याळ लावून पाहिले म्हणून आकडा सांगते. सातव्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मोठ्याने विचारले, "पोचला का नाही अजून?"

त्यांची एक पद्धत होती. पुढचे सगळे तिच्यामुळे घडले, म्हणून ती सांगायला हवी. नटाने संवाद पाठ करू नयेत, असे त्यांचे मत. पाठ केले की डोळे मरतात. नटाने सगळे लक्ष डोळ्यांवर, भुवयांवर आणि हातांवर ठेवायचे. शब्द मागून पुरवले जातील. मागून म्हणजे विंगेतून, आणि विंगेत मी. इतर ठिकाणी प्रॉम्प्टर अडलेल्या नटाला एखादा शब्द देतो. आमच्याकडे प्रत्येक वाक्य आधी मी म्हणायचे आणि मग नटाने.

या सिद्धांतामागचे खरे कारण असे की आमच्या निम्म्या नटांना मराठी वाचता येत नव्हते. इथे जन्मलेली, इंग्रजी शाळांत शिकलेली मंडळी. घरी मराठी बोलतात, बाहेर तेलुगू आणि हिंदी, आणि देवनागरीचे पान समोर ठेवले की चष्मा शोधू लागतात. ती पाठ कशावरून करणार? ह्यांनी अडचणीला पद्धतीचा मान दिला, एवढेच.

त्यामुळे आमच्या प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येई, एकदा माझ्या आवाजात आणि एकदा राजाच्या. तक्रार कुणीच केली नाही. पाहुणे म्हणून गेलेल्या घरात नवराबायकोची कुजबुज ऐकू आली तरी आपण ऐकली नाही असे दाखवतो, तसेच ते. वर्षे गेली तसा तो आवाज लोकांना खरोखरच ऐकू येईनासा झाला. ह्यांना तर तो घरातही ऐकू येत नसे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. स्वतंत्र चित्रपट करायचा म्हणाले. कशापासून स्वतंत्र, ते मी विचारले नाही. वय अठ्ठावन्न. पुण्यामुंबईच्या जाणत्या लोकांनी एकदा तरी म्हणावे की हैदराबादेत असा एक माणूस आहे, ही इच्छा त्यांनी मला कधी बोलून दाखवली नाही. पण तिकडच्या कुठल्याही नाट्यसंस्थेचे पत्र आले की ते पाकीट कात्रीने नीट कापून उघडत. बाकीची पाकिटे हाताने फाडत.

माझे गणित वेगळे होते. मी घरी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. पटकथा लिहिण्याच्या निमित्ताने हे वर्षभर घरात होते. मी कुकर लावायला उठले तर म्हणत, "अगं, अशी एकदम उठू नकोस. आधी नजर, मग मान, मग शरीर." भूमितीची सिद्धता सांगताना आतल्या खोलीतून आवाज येई, "'म्हणून'च्या आधी थांब जरा. ताण येऊ दे." एका मुलीची आई भीत भीत विचारून गेली, "सर पण शिकवतात का?" चित्रपट झाला आणि कुठे दाखवला गेला, तर हा माणूस घराबाहेर पडेल. नाही झाला, तर पुढची वीस वर्षे दिवाणखान्यात बसेल, आणि कडवट होऊन बसेल. त्या चित्रपटाचे कल्याण व्हावे असे माझ्याइतके मनापासून दुसऱ्या कुणाला वाटत नव्हते.

गोष्ट साधी होती. एक निवृत्त स्टेशनमास्तर आणि त्याची मुलगी. ती नोकरीसाठी शहर सोडून चालली आहे आणि दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही. चित्रीकरण काचीगुड्यात, स्टेशनाला लागून असलेल्या आमच्याच दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. वडिलांच्या कामाला आमचे कायमचे राजे घेतले. ते खरोखरच रेल्वेतून निवृत्त झालेले. बावीस वर्षे सिंहासनावर बसले आणि तिथले एकही वाक्य त्यांना कधी पाठ नव्हते. मुलीच्या कामाला पुण्याहून नोकरीसाठी आलेली, कॉम्प्युटरवर काम करणारी एक मुलगी. नल्लकुंट्यात भाड्याने राहते. तिला मराठी उत्तम वाचता येई, पण आमच्याकडच्या दोन नाटकांत तिलाही सवय लागून गेली होती.

ह्यांचा हट्ट होता की डबिंग करायचे नाही. जे खोलीत बोलले जाईल तेच पडद्यावर. त्यासाठी एक माइकवाला आणला. चाळिशीचा, तेलुगू, लग्नांच्या व्हिडिओंचा भरपूर अनुभव असलेला आणि अतिशय मन लावून काम करणारा माणूस. संकलनही तोच करणार होता. मराठीचा एक शब्द त्याला कळत नव्हता.

मला कपाटामागे बसवले. दिवाणखान्यातले लोखंडी कपाट भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, मागे स्टूल ठेवले. ह्यांनी कॅमेऱ्यातून पाहिले, मी दिसत नव्हते, त्यांचे समाधान झाले. पहिल्याच दिवशी राजे म्हणाले, "वहिनी, जरा जोरात बोला की. खाली गाडी जायलीय, मला काही ऐकू येईना." मग मी जोरात बोलू लागले.

माइकवाल्याच्या हातात लांब दांडीला लावलेला माइक असे. मी वाक्य म्हणायला लागले की तो दांडी माझ्याकडे वळवी. माझे झाले की नटाकडे. परत माझ्याकडे, परत नटाकडे. एकोणीस दिवस ती दांडी आमच्या डोक्यांवरून फिरत होती. आम्ही सर्वांनी ते पाहिले आणि त्या कामाची हीच रीत असेल असे समजलो. मीही समजले. एरवी दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा पाहणारी मी, मला त्यात काही खटकले नाही. माझ्या चुकीचा वाटा मी नाकारत नाही. ह्यांच्या कानांवर मात्र एकोणीस दिवस मोठाले हेडफोन होते. माझा आवाज थेट त्यांच्या कानात जात होता. त्यांनी तो ऐकला नाही. इतक्या वर्षांच्या संसाराचा सराव होता.

चित्रपट जोडून झाल्यावर आम्ही सगळ्यांनी तो आमच्या टीव्हीवर दोनदा पाहिला. रंगांवर चर्चा झाली. राजे म्हणाले, "माझ्या भुवया बऱ्या आल्यात." हे म्हणाले, एक दृश्य आठ सेकंदांनी कापावे. इथल्याच एका छोट्या महोत्सवात तो पाठवायचा ठरला. शेवटची तारीख शनिवार, संध्याकाळी पाच. ह्यांनी सगळ्या परिचितांना कळवून टाकले.

बुधवारी चित्रपटातल्या मुलीची खरी आई पुण्याहून आली होती, तिला चहाला बोलावले आणि कौतुकाने चित्रपट लावला. दहा मिनिटांनी बाई म्हणाल्या, "अहो, हे मागून कोण बोलतंय सारखं?"

"कुठे?" ह्यांनी विचारले. अगदी खरे विचारले.

"आत्ता. ती बाई. सगळ्यांच्या आधी बोलतेय. हे बघा, आत्ता म्हणाली 'चष्मा काढा', आणि यांनी काढला."

मुलगी म्हणाली, "आई, त्या वहिनी आहेत."

"ते कळलं गं. पण त्या पिक्चरमध्ये का आहेत?"

ह्यांनी चित्रपट मागे नेला. एकदा सांगितल्यावर मात्र दुसरे काही ऐकूच येईना. प्रत्येक वाक्याच्या आधी मी. स्वच्छ, खणखणीत, माइकवाल्याच्या कृपेने नटांपेक्षा जवळून. शिवाय कागदावर नसलेलेही. "काका, डावीकडे बघा." "हळू. आता रड." एका ठिकाणी तर, "दूध उतू जाईल, कुणीतरी बघा."

गुरुवारी हट्ट मोडून डबिंग करून पाहिले. झोपायच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या. राजे माइकपुढे उभे राहिले आणि माझ्याकडे पाहू लागले.

"बोला ना, काका."

"तुम्ही बोला की, वहिनी."

"मी बोलायचं नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप चाललाय."

"मग मी कसा बोलू? बावीस वर्षं झाली, तुम्ही म्हटल्याबगर माझं तोंड उघडंना गेलंय."

त्यांना कागद दिला. त्यांनी वाचले, "तू. जा. मी. आहे. इथे." खालच्या स्टेशनातली घोषणा यापेक्षा हळवी असते. मुलीने वाचले चांगले, पण पडद्यावर तिचे ओठ दर वाक्याआधी माझी वाट पाहत थांबलेले. त्या थांबण्याचे काय करायचे ते कुणालाच सुचेना. शेवटी राजांसाठी मी हळूच वाक्य सांगितले, आणि अर्थातच तेही रेकॉर्ड झाले.

शुक्रवारी हे सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायला उठले, जेवले, परत झोपले. दुपारी म्हणाले, "तू एवढ्या मोठ्याने का बोललीस?" माझ्या आवाजाची त्यांनी घेतलेली ती पहिली दखल. मी काही उत्तर देणार होते. तेवढ्यात ते भिंतीलाच म्हणाले, "एकच करायचा होता गं." मी आत गेले आणि माइकवाल्याला फोन लावला.

"भैया, पीछे मेरी आवाज आ रही है, आपको पता नहीं चला?"

"पता था ना, अम्मा. आपकेच वास्ते तो माइक घुमाया मैं."

"तो फिर बोले क्यों नहीं?"

"क्या बोलना? पैले घर बोलता, बाद में लोगां बोलते. ऐसीच कहानी है ना? मेरेकू भोत अच्छा लगा, अम्मा. घर कुछ बोला, तो बच्ची रो दी."

मी फोन ठेवला, बाहेर आले आणि सोफ्याला सांगितले, "तो म्हणतो, आधी घर बोलतं आणि मग माणसं बोलतात. त्याला वाटलं गोष्टच तशी आहे. तसंच सांगून टाका."

मग आधी नजर, मग मान, मग शरीर, या क्रमाने ते उठून बसले. "घर," म्हणाले. वही मागितली. संध्याकाळपर्यंत तिच्यात 'गृहचैतन्य' असा शब्द आला होता, आणि जेवताना त्यांनी मला समजावले, "हे मला सुरुवातीपासून जाणवत होतं. आकार सापडत नव्हता."

"हो का?" मी म्हटले आणि भाजी वाढली.

रात्री तो चित्रपट आम्ही पुन्हा पाहिला, या नव्या कानांनी. आणि मान्य करायला हवे, तो बरा झाला होता. आधी त्यात एक म्हातारा आणि एक मुलगी भुवया उडवत बसलेली होती. आता त्या दोघांना स्वतःचे शब्दच नव्हते. घर सांगेल तेवढेच बोलायचे, घर म्हणेल तेव्हा रडायचे. स्वतःच्या घरात अशी वागणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. ह्यांना हे सुचले नसते. मलाही नाही. दुधाचे वाक्य तेवढे काढू, मी म्हटले. हे म्हणाले, "वेडी आहेस का? तो प्राण आहे."

शनिवारी दुपारी चारला अर्ज भरायला बसलो. सगळे पासवर्ड माझ्याकडे असतात, त्यामुळे टाइप मी करत होते आणि हे येरझाऱ्या घालत सांगत होते. कथा, पटकथा, दिग्दर्शन, ध्वनिसंकल्पना, सगळीकडे त्यांचे नाव घातले. मग कलाकारांचा तक्ता आला. भूमिका आणि नाव. वडील, राजांचे नाव. मुलगी, तिचे नाव.

"झालं," हे म्हणाले.

"घर राहिलं."

"घराला नाव नको. गूढ राहू दे."

"फॉर्ममध्ये गूढाची चौकट नाही."

"अगं, प्रॉम्प्टर म्हणून तुझं नाव दिसलं तर सगळंच कोसळेल."

"प्रॉम्प्टर कशाला लिहीन? घर म्हणून लिहिते."

ते थांबले. "पण तू अभिनेत्री नाहीस."

"काकाही नाहीत. त्यांचं लिहिलंच ना आत्ता?"

"तू समजून घेत नाहीस. कलेत कधी कधी माणसानं मागं राहायचं असतं."

"कपाटाच्या मागे होते की. आणखी मागे भिंत आहे."

त्यांनी हात कमरेवर ठेवले. मी घड्याळ दाखवले. पाचला वीस मिनिटे कमी होती. पाचला माझी शिकवणीची मुले येतात. ती आली की मी सातपर्यंत लॅपटॉपला हात लावत नाही आणि अर्ज पाचला बंद होणार, हे दोन्ही त्यांना ठाऊक होते. मी मुद्दाम आवाज चढवला नाही. नावाची मला हौसही नव्हती. पण जो बोलला त्याचे नाव त्या चौकटीत लिहायचे असते, आणि एकोणीस दिवस सर्वांत जास्त मी बोलले होते.

"घाल," ते म्हणाले.

"पडद्यावर?"

"पडद्यावरही. पण लहान अक्षरात."

"काकांचं आहे तेवढ्या अक्षरात," मी म्हटले, टाइप केले आणि बटण दाबले. पाचला चौदा मिनिटे होती. मला पाटी पुसायला वेळ मिळाला.

चित्रपट निवडला गेला. शहराच्या पलीकडच्या टोकाला, शंभरेक खुर्च्यांच्या थिएटरात तो दाखवला. प्रेक्षक निम्मे तेलुगू, बाकीचे आयटीतले, खाली इंग्रजी अक्षरे. "आता रड" आले आणि मुलगी रडली तेव्हा माझ्या शेजारच्या बाईने स्वतःचा हात घट्ट धरला. दुधाला मात्र लोक हसले, आणि मग हसल्याबद्दल ओशाळले. हे अंधारात माझ्या कानाशी म्हणाले, "बघितलंस?"

नंतर प्रश्नोत्तरे झाली. चष्मा लावलेल्या एका मुलीने ह्यांना विचारले, "त्या आवाजावर किती काम केलंत?"

"सहा महिने मी दुसरं काहीच केलं नाही," हे म्हणाले. "फक्त ऐकत होतो."

मी छताकडे पाहिले. तिथे पंखे नव्हते, एसी होता.

तिने मग मला विचारले, "आणि तुम्ही तयारी कशी केलीत?"

"तयारी नाही केली. कागदावर होतं ते वाचलं."

टाळ्या झाल्या. लोकांना तो विनय वाटला. बाहेर पडताना राजांनी मला बाजूला घेतले. चेहरा पडलेला होता. "वहिनी, सगळं चांगलं झालं, पण दोन ठिकाणी तुम्ही हळू बोललात. तिथं माझं काम पडलं बघा. पुढच्या टायमाला ध्यान ठेवा." मी लक्ष ठेवीन म्हटले. बावीस वर्षांच्या राजाशी वाद कोण घालणार?

आता ह्यांना कार्यशाळांची बोलावणी येतात. विषय 'अदृश्य स्वर', ह्यांनीच दिलेला. आठवड्यातले चार दिवस ते बाहेर असतात. त्या चार दिवसांत माझी मुले 'म्हणून' एका दमात म्हणतात आणि सिद्धता वेळेत संपते. मागच्या महिन्यात पुण्याहून कार्यशाळेच्या आमंत्रणाचे पाकीट आले. त्यांनी ते कात्रीने उघडले, उभ्यानेच दोनदा वाचले आणि माझ्या हातात दिले. मला वाचायला दिलेले त्यांचे ते पहिलेच पाकीट. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना म्हणाले, "तू चल ना. प्रात्यक्षिक दाखवायचंय. बोलणार कोण?"

"मंगळवारी त्रिकोणमिती आहे," मी म्हटले.

"मग मी एकटा तिथे काय करू?"

"पाठ करून जा," मी म्हटले आणि दशम्यांचा डबा बॅगेत वरच ठेवला.